जुन्या गाड्यांचे कॅलेंडर : एकगठ्ठा मागणीचा हिशेब

जुन्या मोटारींच्या हौशी मंडळाचे छापील कॅलेंडर हा मुदतीचा माल आहे. टी-शर्ट किंवा स्टिकर यंदा उरले तर पुढच्या वर्षी खपतात. कॅलेंडर मात्र मकरसंक्रांत उलटली की कोणी पैसे देऊन घेत नाही. तापीकाठच्या केळीचा घड कापल्यावर व्यापाऱ्याची वाट पाहत बसता येत नाही, तसेच इथेही. प्रती किती छापायच्या, पैसे कधी गोळा करायचे, फोटो कधी काढायचे आणि गठ्ठे कसे पोचवायचे, हे सगळे या एका गोष्टीवरून ठरते. ज्यांनी ती लक्षात न घेता काम अंगावर घेतले, त्यांच्या माळ्यावर गेल्या वर्षीची कोरी कॅलेंडरे पडून असतात.

मोटारधंद्यातले जगात सर्वांत गाजलेले कॅलेंडर पिरेली या टायर कंपनीचे. ते १९६४ मध्ये सुरू झाले आणि ते दुकानात विकत मिळत नाही. निवडक ग्राहकांना आणि मान्यवरांना भेट म्हणून जाते. हौशी मंडळाची गोष्ट नेमकी उलटी. भेट देणारा कोणी नसतो. घेणाऱ्यांनीच पैसे जमवून छापायचे आणि आपापली प्रत घरी न्यायची. बुऱ्हाणपूर, रावेर, भुसावळ, खंडवा या पट्ट्यात अ‍ॅम्बॅसॅडर, प्रीमियर पद्मिनी, महिंद्रची जीप, पहिल्या बनावटीची मारुती ८०० अशा गाड्या जपणारी माणसे विखुरलेली आहेत. एकेकट्याला कॅलेंडर छापणे परवडत नाही. शंभर-दोनशे जण एकत्र आले तरच छापखान्याची पायरी चढण्यात अर्थ असतो.

पहिली अडचण अशी की कॅलेंडर ही लोकांच्या मते फुकट मिळणारी वस्तू आहे. कापडदुकानदार देतो, बँक देते, विमा एजंट दोन देऊन जातो. शिवाय मराठी घरात जयंतराव साळगावकरांनी १९७३ मध्ये सुरू केलेले कालनिर्णय असते आणि हिंदी घरात बहुधा जबलपूरचे लाला रामस्वरूप. दूधवाल्याचा खाडा, गॅस सिलिंडरची तारीख, उपासतापास या सगळ्यासाठी घरची बाई त्याच कॅलेंडरकडे पाहते. मंडळाच्या कॅलेंडरने त्या खिळ्यावर हक्क सांगू नये. त्याची जागा दुकानात, गॅरेजमध्ये, दिवाणखान्यात. माणूस त्यासाठी पैसे मोजतो तो आपली किंवा आपल्या ओळखीची गाडी भिंतीवर दिसावी म्हणून. त्यामुळे गाड्या कोणत्या घ्यायच्या यावरून होणाऱ्या वादाला निष्कारण कटकट म्हणता येत नाही. मागणीचा उगमच तिथे आहे.

फोटोंचे काम वर्षभर आधी सुरू व्हावे लागते, आणि नेमके हेच सुचायला बहुतेक मंडळांना ऑक्टोबर उजाडतो. ऑक्टोबरात काढलेल्या बारा फोटोंत बाराही महिने ऑक्टोबरच दिसतो. जुलैच्या पानावर हिरवा सातपुडा आणि गढूळ भरलेली तापी हवी असेल, तर तो फोटो आदल्या वर्षीच्या जुलैतच काढलेला असला पाहिजे. बुऱ्हाणपुरात जागांची वाण नाही. असीरगडाच्या पायथ्याचा रस्ता, राजघाट, शनवारा दरवाजा, केळीच्या बागांमधली वाट, मिर्झा राजे जयसिंहांची छत्री, काळा ताजमहाल म्हणून ओळखली जाणारी शाहनवाजखानाची कबर. मात्र संरक्षित स्मारकाच्या कुंपणात गाडी नेता येत नाही. गाडी बाहेर रस्त्यावर आणि घुमट मागे, एवढ्यावर भागवावे लागते. सकाळी सातच्या आत काढलेल्या फोटोत हे चांगले साधते. नंतर हातगाड्या, ई-रिक्षा आणि बघे चौकटीत शिरतात. चकचकीत बॉनेटवर फोटो काढणाऱ्याचेच प्रतिबिंब उमटते, ते संगणकावर पुसण्यापेक्षा कॅमेरा हातभर बाजूला सरकवणे सोपे.

नंबरप्लेटचा प्रश्न लहान दिसतो, पण तो आधीच मिटवावा. काही मालकांना नंबर झाकलेला हवा असतो, काहींना तोच दाखवायचा असतो. बुऱ्हाणपूर जिल्हा १५ ऑगस्ट २००३ रोजी खंडव्यापासून वेगळा झाला. आताच्या गाड्यांवर एमपी-६८ असते, त्याआधीच्या कित्येक गाड्यांवर खंडव्याचे एमपी-१२. त्या जुन्या पाटीचा अभिमान असणारे मालक आहेत आणि तो रास्तही आहे. २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी व्हिंटेज नोंदणीचे वेगळे नियम केले. त्यात नंबरामध्ये व्हीए ही अक्षरे येतात आणि अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. फोटोखालच्या ओळीत गाडीचे साल लिहिताना नोंदणीपुस्तकातले साल पाहून लिहावे. मालकाच्या तोंडचे साल दोन-चार वर्षे मागे सरकलेले असते. प्रीमियरच्या गाडीला पद्मिनी हे नाव १९७४ पासूनचे आहे, त्याआधीची ती फियाट किंवा प्रेसिडेंट. या एका बाबतीत चूक झाली तर जाणकार सभासद वर्षभर बोलून दाखवतात.

फोटो मागवताना व्हॉट्सॅपने घात होतो. साध्या पद्धतीने पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो. त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलच्या आसपास उरते. छपाईला इंचाला ३०० ठिपके लागतात असे धरले तर एवढ्या फोटोतून जेमतेम सव्वापाच इंचाचे चित्र नीट निघते. बारा इंच रुंद पानासाठी ३६०० पिक्सेल हवेत. मोबाइलच्या पडद्यावर दोन्ही सारखेच झकास दिसतात, म्हणून समजावणे कठीण जाते. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हवर द्या, हे पहिल्याच निरोपात लिहावे. आणि फोटो ज्याने काढला त्याची छापण्यास लेखी संमती घ्यावी. गाडी मालकाची असली तरी फोटोवर सर्वसाधारणपणे काढणाऱ्याचा हक्क असतो. पानाच्या कोपऱ्यात त्याचे नाव बारीक अक्षरांत छापले की तो खूश असतो आणि स्वतःसाठी चार प्रतीही घेतो.

निवडीसाठी मतदान घेण्याची पद्धत आहे. ती दिसायला न्याय्य आहे, पण मते फोटोला पडत नाहीत, माणसाला पडतात. ज्याचा गोतावळा मोठा त्याची गाडी जानेवारीत. त्यापेक्षा गावातल्या एखाद्या फोटोग्राफरला किंवा चित्रकलेच्या शिक्षकांना बसवून, मालकांची नावे झाकून, बारा फोटो निवडून घ्यावेत. चाळीस गाड्यांतून बारा निवडल्या तर अठ्ठावीस जण नाराज होतात आणि त्या अठ्ठावीस जणांच्या प्रती गेल्या तर हिशेब कोसळतो. यावर एकच उपाय चालतो. मुखपृष्ठावर किंवा शेवटच्या पानावर प्रत्येक गाडीचा तिकिटाएवढा फोटो मालकाच्या नावासह द्यायचा. कलेच्या दृष्टीने ते पान गचाळ दिसते, तरी ते टाळू नये.

चित्रांवर महिनाभर खल होतो आणि तारखांचा चौकोन छापखान्यातल्या मुलाच्या भरवशावर सोडला जातो. वास्तविक कॅलेंडर रोज पाहिले जाते ते त्या चौकोनासाठी. छापखान्यात गेल्या वर्षीची फाइल उघडून आकडे सरकवण्याची सवय असते, त्यामुळे जूनला ३१ तारीख येणे किंवा एखादा महिना चुकीच्या वारी सुरू होणे घडते. तपासणीची एक सोपी रीत आहे. लीप नसलेल्या वर्षी जानेवारी आणि ऑक्टोबर एकाच वारी सुरू होतात. फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर एकाच वारी. एप्रिल आणि जुलै एकाच वारी. सप्टेंबर आणि डिसेंबर एकाच वारी. २०२६ साली १ जानेवारी आणि १ ऑक्टोबर गुरुवारी, १ फेब्रुवारी, १ मार्च आणि १ नोव्हेंबर रविवारी. बारा पाने टेबलावर पसरून या जोड्या जुळवल्या तर पाच मिनिटांत फाइलचा खरेखोटेपणा कळतो.

वार जुळले तरी तिथी-सणांचा प्रश्न राहतो, आणि बुऱ्हाणपुरात तो इतर गावांपेक्षा अवघड आहे. मराठी घरे अमान्त महिना मानतात, म्हणजे महिना अमावास्येला संपतो. हिंदी घरे पौर्णिमान्त, म्हणजे पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, वद्य पक्षात मात्र हिंदी पंचांग एक महिना पुढे. कृष्णजन्म एकाच रात्री होतो, पण मराठी घरी ती श्रावण वद्य अष्टमी आणि शेजारी भाद्रपद कृष्ण अष्टमी. श्रावणी सोमवारांचे तर दिवसच बदलतात. २०२६ मध्ये हिंदी पंचांगाचा पहिला श्रावणी सोमवार ३ ऑगस्टला आणि मराठी १७ ऑगस्टला. त्यात त्या वर्षी १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ. दाऊदी बोहरा समाजाचे, ज्यांचा दर्गाह-ए-हकीमी बुऱ्हाणपुराजवळ आहे, हिजरी महिने गणिताने आधीच ठरलेले असतात. सुन्नी घरांत चंद्र दिसण्यावर. एकाच मंडळात ही सगळी माणसे गाड्यांच्या ओढीने एकत्र आलेली असतात.

या गावाला हा गुंता नवा नाही. आदिलशहा फारुकीने बांधलेल्या बुऱ्हाणपूरच्या जामा मशिदीत अरबीबरोबर एक संस्कृत लेख कोरलेला आहे. त्यात विक्रम संवत १६४६ आणि शके १५११, विरोधी संवत्सर, पौष महिना, शुक्ल पक्ष, एकादशी, सोमवार, शिवाय नक्षत्र, योग आणि करण अशी पंचांगाची पाचही अंगे दिली आहेत. इंग्रजी गणनेने तो दिवस जानेवारी १५९० मधला. दोन्ही संवत शेजारी शेजारी देऊन कोरणाऱ्याने कोणालाच तक्रारीला जागा ठेवली नाही. कॅलेंडर छापणाऱ्याला दगडाएवढी जागा नसते. म्हणून मंडळाच्या कॅलेंडरात महिन्यांची नावे आणि तिथ्या मुळीच देऊ नयेत, फक्त सर्वांना ठाऊक असलेले सण त्या त्या तारखेखाली लिहावेत. पंचांगाचे काम पंचांगाने करावे. ईदसारख्या सणांपुढे ‘चंद्रदर्शनानुसार’ असे लिहावे. सरकारी सुट्ट्यांना लाल रंग देण्याचा मोहही आवरता घ्यावा. मध्य प्रदेशाची यादी वेगळी, महाराष्ट्राची वेगळी, त्यात जिल्हाधिकारी स्थानिक सुट्ट्या जाहीर करतात त्या निराळ्या, आणि या याद्या हाती येईपर्यंत छपाई उरकलेली असावी लागते. लाल रंग रविवारला आणि २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर या तीन राष्ट्रीय सुट्ट्यांना पुरे.

कागदाच्या बाबतीत गंमत अशी की कागदाचा कारखाना जिल्ह्यातच आहे आणि या कामी त्याचा काही उपयोग नाही. नेपानगरची नेपा मिल ही देशातली वृत्तपत्री कागदाची पहिली गिरणी. पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये ती राष्ट्राला अर्पण केली. वर्तमानपत्राचा कागद शाई पिऊन टाकतो, त्यावर लाल पद्मिनी विटकरी दिसेल. फोटोंसाठी आर्ट पेपर लागतो. तो १३० जीएसएमचा घेतला तर पंख्याच्या वाऱ्याने पाने फडफडतात, १७० चा घेतला तर भिंतीवर नीट बसतो. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन, त्यामुळे प्रतीचे वजन घरबसल्या काढता येते. १२ बाय १८ इंचाची सात पाने म्हणजे जवळजवळ एक चौरस मीटर; १७० जीएसएमला एक प्रत साधारण १६५ ग्रॅम आणि शंभर प्रतींचा गठ्ठा साडेसोळा किलो. हा आकडा पुढे पार्सलच्या वेळी लागतो. सात पाने म्हणजे मुखपृष्ठ आणि पाठपोट छापलेले बारा महिने. पाठपोट छपाई स्वस्त पडते, पण जुलै उजाडला की जानेवारी ते जूनची पाने उलटून भिंतीकडे तोंड करतात. तेरा सुटी पाने घेतली तर वर्ष संपल्यावर फोटो कापून फ्रेम करता येतो. जुन्या गाड्यांचे हौशी तेरा पानेच मागतात. मग वजन आणि खर्च दोन्ही वाढतात हे त्यांना आधी सांगावे.

छापखाना निवडताना प्रतींची संख्या पाहावी. शंभराच्या आत-बाहेर असेल तर डिजिटल छपाई, त्यापुढे ऑफसेट. ऑफसेटला चार रंगांच्या चार प्लेटा लागतात, त्यांचा खर्च एक प्रत छापा की हजार, तेवढाच. शिवकाशीत देशातली कॅलेंडरे मोठ्या प्रमाणावर छापली जातात, पण तिथला मोठा धंदा तयार चित्रांवर दुकानाचे नाव छापून देण्याचा आहे. बारा पानांवर बारा स्वतःचे फोटो असे काम जवळच्या गावी, प्रूफ हातात घेऊन पाहता येईल अशा ठिकाणी द्यावे. बुऱ्हाणपूरकरांना इंदूर, खंडवा, भुसावळ, जळगाव हे सगळे पल्ल्यात आहे. पडद्यावरचा रंग आणि शाईचा रंग यांत फरक पडतोच. निळी गाडी जांभळट होते, भडक केशरी मंदावते. म्हणून निळ्या आणि लाल गाडीचे एकेक पान खऱ्या कागदावर काढून पाहिल्याशिवाय मशीनवर काम चढवू देऊ नये. दर विचारताना जीएसटी धरून की सोडून हेही विचारावे. छापील पुस्तकाला कर नाही, कॅलेंडरला आहे, आणि ऐन वेळी तो आकडा वर्गणीत बसत नाही.

संख्येने किंमत कशी उतरते ते एका उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा मांडणी, प्लेटा आणि मशीनची तयारी मिळून १२,००० रुपये, आणि नंतर दर प्रतीला कागद, छपाई, वरची पत्र्याची पट्टी मिळून ६० रुपये. शंभर प्रती छापल्या तर एक १८० रुपयांना पडते, तीनशेला १०० आणि पाचशेला ८४. शंभरावरून तीनशेवर जाताना ऐंशी रुपये वाचले, तीनशेवरून पाचशेवर जाताना फक्त सोळा. छापखानेवाला नेहमी म्हणतो, ‘आणखी दोनशे घ्या, किती स्वस्त पडतंय बघा.’ दर स्वस्त पडतो, बिल मात्र तीस हजारांचे बेचाळीस हजार होते आणि ती दोनशे माळ्यावर जातात. दर कमी करण्यासाठी संख्या वाढवणे ही या कामातली सर्वांत महागडी काटकसर आहे.

म्हणून संख्या अंदाजाने ठरवू नये, जमा झालेल्या पैशांवरून ठरवावी. ‘माझी एक धर रे भाऊ’ असे चहाच्या टपरीवर सांगणारे पुष्कळ भेटतात. तो शब्द खोटा नसतो, फक्त डिसेंबरपर्यंत टिकत नाही. पैसे आले तर नाव वहीत, नाही आले तर नाव नाही, हा नियम अध्यक्षांच्या भावालाही लागू करावा. दर आधी जाहीर करताना कमीत कमी संख्येचा, म्हणजे चढा दर सांगावा. संख्या वाढून पैसे उरले तर परत देता येतात, कमी पडलेले पुन्हा मागता येत नाहीत. यूपीआयने पैसे येतात तेव्हा खातेदाराचे नाव वेगळेच असते. मुलाच्या मोबाइलवरून, दुकानाच्या खात्यावरून, मेहुण्याकडून. पैसे पाठवल्यावर त्याच मिनिटाला स्वतःचे नाव, प्रती आणि घ्यायचे ठिकाण कळवा, असे सांगितले नाही तर दिवाळीनंतरच्या रात्री बँकेचे उतारे जुळवण्यात जातात. वहीत पाच रकाने पुरतात : नाव, प्रती, रक्कम, तारीख, पोचवण्याचे ठिकाण. शेवटच्या रकान्यावरून पुढचे गठ्ठे बांधले जातात.

जाहिराती घ्याव्यात का, यावर दोन मते आहेत. टायरवाला, पेट्रोलपंप, रंगकाम करणारा गॅरेजवाला आनंदाने खालची पट्टी घेतात आणि छपाईचा अर्धा भार उतरतो. पण पट्टी दिसली की सभासद विचारतात, ‘जाहिरात आहे ना, मग पैसे कशाचे?’ आणि प्रश्न गैर नसतो. एकच जाहिरातदार, तोही शेवटच्या पानावर, इतपतच ठीक. पैसे जमवण्याची मुदत ऑक्टोबरअखेर असावी. दिवाळीत छापखाने आणि कामगार दोन्ही बंद असतात आणि दिवाळीनंतर लग्नपत्रिकांची गर्दी होते. २०२६ ची दिवाळी ८ नोव्हेंबरला, म्हणजे २०२७ च्या कॅलेंडरची फाइल त्याआधी छापखान्यात पोचलेली हवी. मागणीपेक्षा शंभरामागे पाच प्रती जास्त छापाव्यात : फोटोग्राफरला, फाटलेल्या पानांच्या बदली, आणि पार्सलमध्ये ओल्या झालेल्यांसाठी.

छापून आलेल्या गठ्ठ्यांतली प्रत्येक दहावी प्रत तरी उघडून पाहावी. एक महिना दोनदा आणि पुढचा गायब, ही चूक पाने जुळवताना होते आणि ती गठ्ठ्यात सलग येते. पत्र्याच्या पट्टीचे कॅलेंडर खालून वर, पट्टीकडे गुंडाळावे. उलट गुंडाळले तर पट्टीची धार मुखपृष्ठाला चरे पाडते. आर्ट पेपर पंधरवडाभर गुंडाळून राहिला तर भिंतीवर महिनाभर कुरळाच राहतो, म्हणून वाटपाला उशीर असेल तर सपाट ठेवावे. टपालाने एकेक प्रत पाठवणे महाग आहे. रावेर, भुसावळ, खंडवा, इंदूर अशा प्रत्येक गावी एक माणूस नेमून त्याच्या नावे एक गठ्ठा बसने धाडावा आणि पावती, बसचा नंबर व पोचण्याची वेळ त्याला लगेच कळवावी. गठ्ठा उतरवून घ्यायला कोणी आले नाही तर तो बसबरोबर पुढच्या गावाला जातो. पुण्या-मुंबईच्या दोन-चार जणांसाठी येणाऱ्या-जाणाऱ्याची वाट पाहणे स्वस्त, पण मुदतीच्या मालाला ते चालत नाही. त्यांच्याकडून कुरियरचे पैसे वेगळे घ्यावेत.

हिशेब जानेवारीतच सर्वांपुढे ठेवावा : जमा, छापखान्याचे बिल, वाहतूक, उरलेल्या प्रती. पैसे उरले तर परत करण्याची रक्कम माणशी आठ-दहा रुपये भरते आणि बहुतेक जण ती मंडळाकडेच राहू देतात, पण विचारल्याशिवाय ठेवू नये. दुसऱ्या वर्षी संख्या वाढेल असे सर्वांना वाटते. ती सहसा घटते. पहिल्या वर्षी नवलाई असते, आणि ज्याची गाडी एकदा येऊन गेली तो दुसऱ्यांदा दोनऐवजी एकच प्रत घेतो. दुसऱ्या वर्षाचा दर पहिल्या वर्षाच्या तीन-चतुर्थांश प्रती धरून काढावा.